ट्रंपेट कोणता घ्यावा? बँडवाल्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँडची पितळी वाद्यं दुरुस्त करतो आणि लग्नसराईत स्वतः ट्रंपेट वाजवतो. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात, ते मृगाचा पाऊस येईपर्यंत. विचारणारे बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्याने जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

माझं एक म्हणणं प्रत्येक उत्तरात डोकावेल, ते आधीच सांगतो. ‘कोणत्या कंपनीचा घेऊ’ हा प्रश्न नंतरचा. ट्रंपेट कुठे वाजणार, सलग किती तास वाजणार आणि सोबत कोण असणार, हे आधी ठरवा.

१. ट्रंपेट, कॉर्नेट अन् फ्लुगलहॉर्न, तिघायले तीनच बटनं. मंग फरक काय हाये?

तिन्हींची नळी उलगडून मोजली तर बी-फ्लॅटच्या (प्रश्न ३) वाद्यात ती सुमारे १४८ सेंटिमीटर भरते. बोटंही तीच पडतात. फरक आहे तो नळी कुठून आणि कशी रुंदावते यात. ट्रंपेटची नळी मधे बरंच अंतर एकाच जाडीची असते आणि शेवटी भोंग्याकडे झपाट्याने उघडते. कॉर्नेटची हळूहळू फुलत जाते. फ्लुगलहॉर्नची तर जवळपास सुरुवातीपासूनच फुलते. एकाच जाडीची नळी जास्त असली की आवाजाला धार येते आणि तो लांब जातो. फुलत जाणाऱ्या नळीचा आवाज गोल आणि मऊ असतो. वरातीत पुढे चालणाऱ्याला ट्रंपेटच हवा. मांडवात बसून संथ गाणं वाजवायचं असेल तर फ्लुगलहॉर्नसारखं गोड काही नाही, पण रस्त्यावर ताशापुढे ते बुडून जातं.

२. तुतारीले एकही बटन नसते. मंग ट्रंपेटले तीन काहून?

एका ठरावीक लांबीच्या नळीतून ओठ आवळून किंवा सैल सोडून ठरावीकच सूर निघतात. सा, प, वरचा सा, ग, प असे. खालच्या पट्टीत त्यांच्यामध्ये मोठ्या रिकाम्या जागा राहतात. तुतारीला ललकारी द्यायची असते, तिला तेवढे पुरतात. गाण्याला पुरत नाहीत.

बटण दाबलं की हवा एका जादा नळीतून वळून जाते, वाद्य तेवढं लांब होतं आणि सूर उतरतो. दुसरं बटण अर्धा स्वर उतरवतं, पहिलं एक, तिसरं दीड. ही युक्ती जर्मनीत १८१४च्या सुमारास निघाली. आज आपण वापरतो तो पिस्टन, म्हणजे बटणाखाली वरखाली होणारा दट्ट्या, पॅरिसच्या पेरिने याने १८३९च्या सुमारास आणला. त्याआधी ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन याने १७९६ मध्ये ट्रंपेटसाठी मोठी रचना लिहिली, ती नळीला भोकं पाडून त्यांवर चाव्या बसवलेल्या वाद्यासाठी.

नवशिक्यांनी हा हिशोब पाठ करावा. उघडा सूर, म्हणजे एकही बटण न दाबता निघणारा, सा धरला तर कोमल रे तिन्ही बटणांनी, रे पहिल्या-तिसऱ्याने, कोमल ग दुसऱ्या-तिसऱ्याने, ग पहिल्या-दुसऱ्याने, म पहिल्याने, तीव्र म दुसऱ्याने आणि प पुन्हा उघडा. पुढे कोमल ध, ध, कोमल नी आणि नी यांना अनुक्रमे कोमल ग, ग, म आणि तीव्र म यांचीच बोटं. वरचा सा उघडा.

३. मी उघडा सूर वाजवतो तर कॅसिओवर काळी पाच निघते. पांढरी एक निघायला पाहिजे ना? वाद्य खराब आहे का?

वाद्य ठणठणीत आहे. बँडमधला नेहमीचा ट्रंपेट बी-फ्लॅटचा असतो आणि बी-फ्लॅट म्हणजेच आपली काळी पाच. ट्रंपेटवाला ज्याला ‘सी’ म्हणतो, तो कॅसिओवर एक पूर्ण स्वर खाली येतो. गायक पांढरी चारमध्ये गात असेल तर तुम्हाला त्याच्याहून एक स्वर वरून, म्हणजे तुमच्या ‘जी’वरून, सा धरावा लागेल. बी-फ्लॅट क्लॅरनेटवाल्याचा हिशोबही तुमच्यासारखाच, म्हणून तुमचं त्याचं लगेच जुळतं. ऑल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा असतो, तिथे घोटाळा होतो.

४. मग सरळ पांढरी एकचा, म्हणजे सी ट्रंपेटच घेतला तर?

घेऊ नका. त्याची नळी आखूड असते आणि तो परदेशी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांच्या कामाचा. आपल्याकडे तो विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळत नाही, आणि पथकातल्या दुसऱ्या ट्रंपेटवाल्याची बोटं एक, तुमची वेगळी, असं होऊन बसतं.

५. मोठा बोअर घेतला तर आवाज मोठा होईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त पैसे यातच वाया जातात.

बोअर म्हणजे दुसऱ्या पिस्टनच्या जादा नळीचं आतलं माप. बाख कंपनीच्या मध्यम-मोठ्या बोअरच्या ट्रंपेटला ते ११.६६ मिलिमीटर असतं, मोठ्या बोअरच्याला ११.७३. यामाहाच्या शिकाऊ २३३० मॉडेलला ११.६५. मध्यम-मोठा आणि मोठा यांतला फरक डोक्याच्या केसाएवढा. एवढ्याने आवाज दुप्पट होत नाही. वाजवणाऱ्याला मात्र फरक जाणवतो: फुंकेला अडथळा किती येतो याचा. तो अडथळाही एकट्या बोअरवर ठरत नाही. माउथपीसनंतरची पहिली नळी, म्हणजे लीडपाइप, कशी निमुळती आहे आणि भोंगा कसा उघडतो, हे सगळं मिळून ठरतं.

मोकळा ट्रंपेट सभागृहात बरा. तिथे वाजवणारा दोन ओळी वाजवतो आणि वीस ओळी थांबतो. आपली वरात पारापासून मांडवापर्यंत तीन-चार तास चालते. मोकळं वाद्य फुंक गिळत राहतं. मी एका हंगामात जड, मोठ्या बोअरचा ट्रंपेट वापरून पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांनी वाहवा केली. तिसऱ्या वरातीला वरचा सा लागेना, ओठ बधिर झाले होते. पुढच्या महिन्यात मी मध्यम बोअरच्या जुन्या वाद्यावर परत आलो आणि आजही त्यावरच आहे.

रस्त्यावर वाजवणाऱ्याने थोडा अडथळा असलेला, हलका, मध्यम बोअरचा ट्रंपेट घ्यावा. फुंकेला टेकायला काहीतरी लागतं.

६. माउथपीसवरचे ७सी, ३सी हे आकडे काय सांगतात? ट्रंपेटसोबत आला तोच ठेवू का?

बाखच्या पद्धतीत आकडा लहान झाला की माउथपीसच्या वाटीचं, म्हणजे ओठ टेकतात त्या खोलगट भागाचं, तोंड रुंद होतं. ७सीचा आतला व्यास सुमारे १६.२ मिलिमीटर, १½सीचा १७. अक्षर वाटीची खोली सांगतं: ए सगळ्यात खोल, बी, सी, डी, ई करत उथळ. यामाहाचे आकडे उलटे चालतात, तिथे मोठा आकडा म्हणजे मोठी वाटी. म्हणून फोनवर नुसता आकडा सांगू नका, कंपनीही सांगा.

खोल वाटीचा आवाज भरदार, उथळ वाटीचा झणझणीत. उथळ वाटीने वरचे सूर टिकवायला थोडे सोपे जातात, पण खालचे पातळ होतात. नवशिक्याला ७सी किंवा ५सी पुरेसा आहे. ओठ जाड असतील आणि कडा ओठांच्या लाल भागावर रुतत असेल तर ३सी पाहा.

नवा ट्रंपेट घ्यायला आलेल्या कित्येकांना मी आधी चांगला माउथपीस वाजवायला देतो. निम्मे जण जुनंच वाद्य घेऊन समाधानाने परत जातात. देशी वाद्यासोबत येणाऱ्या माउथपीसची कड बरेचदा ओबडधोबड असते, कधी भोक मधोमध नसतं. ते बदलायला ट्रंपेटच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागतो.

कॉर्नेटचा माउथपीस ट्रंपेटमध्ये घालू नका. त्याचा दांडा बारीक असतो. कागद गुंडाळून तो बसवला की हवा गळते आणि एकही सूर जागेवर राहत नाही.

७. पिवळं पितळ, लाल पितळ, चांदीचं पाणी. आवाजात खरंच फरक पडतो का?

भंडाऱ्याच्या भांड्यांमुळे आपल्या भागात पितळ काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तांबं आणि जस्त, एवढंच. पिवळ्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, सोनेरीत ८५ आणि १५, लाल पितळात ९० आणि १०. तांबं वाढलं की आवाज गडद होतो असं वाजवणारे सांगतात. मला वाजवताना तो फरक जाणवतो, दहा पावलांवर उभा राहून ऐकताना जाणवत नाही. धातूपेक्षा भोंग्याचा आकार शंभर पटीने महत्त्वाचा.

मात्र टिकाऊपणात फरक पडतो. मे महिन्याच्या घामाने लॅकर (पितळावरचा पारदर्शक लेप) वर्षा-दोन वर्षांत सोलतं, विशेषतः डाव्या हाताच्या पकडीपाशी. चांदीचं पाणी काळं पडतं, पण पुसलं की परत येतं आणि घामाला जास्त टिकतं. ज्याचा हात फार घामेजतो त्याने चांदीचं घ्यावं, नाहीतर पकडीवर चामड्याचं कव्हर बांधावं.

८. मेरठचा घेऊ का जपानी?

आपल्या देशात बँडची वाद्यं मुख्यतः मेरठच्या जली कोठी भागात बनतात, आणि विदर्भातली निम्मीअधिक पथकं त्यांवरच उभी आहेत. त्या कारागिरांबद्दल मला आदर आहे. हातोडीने भोंगा घडवणारी माणसं आहेत ती. पण पिस्टन आणि त्याचं घर यांत केसापेक्षाही कमी फट हवी, आणि ते हाताच्या कामात प्रत्येक नगाला साधत नाही. त्यामुळे मेरठचा ट्रंपेट डबा पाहून घेऊ नका. एकाच दुकानातले चार वाजवून त्यातला एक निवडा. चारांत फरक निघतोच.

पथकात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत उभं राहून वाजवायचं असेल, वाद्य ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आदळत जाणार असेल, तर चांगला पारखलेला देशी ट्रंपेट पुरतो. तो कोणीही झाळून देतो. एकट्याने धून घ्यायची असेल, मुलाला पुढे परीक्षा द्यायच्या असतील, तर जपानी शिकाऊ मॉडेल जुनं का असेना, तेच घ्या. दर्शनी नक्षी असलेल्या स्वस्त बिननावाच्या वाद्यांपासून दूर राहा. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत.

९. जुना ट्रंपेट घेताना काय काय पाहावं?

आधी हवा. बटण न दाबता दुसऱ्या पिस्टनची लहान नळी झटक्याने ओढा. ती नळी बंदच असते, तेव्हा ‘पॉक्’ असा आवाज यायला हवा. मग पहिलं बटण न दाबता पहिली नळी, तिसरं न दाबता तिसरी. आवाज मेलेला असेल तर पिस्टन झिजले. ते दुरुस्त करणं वाद्याच्या किमतीवर जातं.

मग लीडपाइप. लॅकरखाली गुलाबी-लाल ठिपके, मधोमध बारीक काळा बिंदू, असं दिसलं तर आतून जस्त खाल्लं गेलंय आणि नळी सडते आहे. हा डाग पुसून जात नाही.

पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते आपापल्या घरात आहेत का पाहा. ‘अजिबात वाजत नाही’ म्हणून आलेली वाद्यं कधीकधी एवढ्यानेच वाजायला लागतात.

भोंग्याला पोचे असतील तर घाबरू नका. कडेजवळच्या पोच्याने सुराला फारसं काही होत नाही. लीडपाइप चेपली असेल तर मात्र सोडून द्या, तिथे नळी सगळ्यात अरुंद असते.

१०. उन्हाळ्यात भाऊ ट्रंपेट चढते अन् कॅसिओशी जुळत नाही. पितळ तापून फुगते म्हणून काय?

पितळ तापून लांबतं हे खरं, पण २५ अंशांच्या फरकाने अख्खी नळी एक मिलिमीटरही वाढत नाही. आणि नळी लांबली तर सूर उतरायला हवा, चढायला नाही. चढतो तो आतल्या हवेमुळे. २० अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, ४५ अंशांना सुमारे ३५८. हवेतून ध्वनी जितका वेगाने जाईल तितका सूर वर. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा हा फरक नुसत्या हिशोबाने पाऊण अर्धस्वराइतका निघतो. नळीत आधीच फुंकेची गरम हवा असते, त्यामुळे प्रत्यक्षात तो कमी पडतो. तरी कानाला टोचायला पुरतो. कॅसिओ विजेचा, तो जागचा हलत नाही.

उपाय म्हणजे मोठी सूर-नळी बाहेर ओढणं. ती एक सेंटिमीटर ओढली की दोन्ही बाजूंनी मिळून वाट दोन सेंटिमीटर लांबते आणि सूर साधारण पाव अर्धस्वर उतरतो. त्याहून जास्त ओढावं लागत असेल तर तिन्ही बटणांच्या नळ्याही थोड्या थोड्या ओढा, नाहीतर उघडे सूर जुळतील आणि बटणांचे चढेच राहतील. सावलीत पाच मिनिटं वाजवून मग सूर लावा. उन्हात ठेवलेल्या वाद्यावर लावलेला सूर मांडवात शिरताच बदलतो.

हे माहीत नसलेल्या पोरांना ‘तुझा कान कच्चा’ म्हणून बोल खाताना मी पाहिलं आहे. कान कच्चा नसतो, ऊन असतं.

११. तिसऱ्या नळीले गोल कडी कायले असते? ती नसलेला ट्रंपेट चालते का?

दोन बटणं एकदम दाबली की जादा नळ्यांची बेरीज जेवढी हवी तेवढी होत नाही. पहिलं आणि तिसरं मिळून नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर कमी पडते, तिन्ही मिळून साडेसहा. म्हणून खालचा रे आणि कोमल रे चढे लागतात. कडीत डाव्या हाताचं बोट घालून तिसरी नळी रे-ला पावणेदोन आणि कोमल रे-ला तीन सेंटिमीटरच्या वर ढकलायची, म्हणजे सूर जागेवर येतो.

कडी नसेल किंवा नळी गच्च बसली असेल तर ते वाद्य खालच्या रे वर ठेहराव असलेल्या धुनेला निकामी. घेताना नळी एका बोटाने सरकते का पाहा.

१२. पोट्टा दहा वर्षाचा हाये, त्याले ट्रंपेट देऊ का?

पुढचे पक्के दात आले असतील तर द्या, पण आधी कॉर्नेट द्या. वजन दोन्हींचं किलोभराच्या आसपासच, पण कॉर्नेट आखूड असतो आणि छातीजवळ धरला जातो, म्हणून हात दुखत नाही. बोटं तीच (प्रश्न १), पुढे ट्रंपेटवर जाणं सोपं. पॉकेट ट्रंपेट छोटा दिसतो म्हणून घेऊ नका. त्याची नळी तेवढीच लांब, फक्त जास्त गुंडाळलेली, आणि स्वस्त नगांचे सूर फार वाकडे असतात. प्लास्टिकचा ट्रंपेट सुमारे अर्धा किलोचा असतो, सरावाला ठीक. उन्हात बंद गाडीत मात्र ठेवू नका.

१३. धुमाल अन् डीजेपुढे आपला ट्रंपेट ऐकूच येत नाही. कोणता घेतला तर ऐकू येईल?

कोणताही नाही. धुमाल म्हणजे इकडचं ढोलांचं मोठं पथक, तेही भोंगे लावून वाजतं. विजेच्या भोंग्यांशी फुफ्फुसांनी भांडायचं नसतं. जोर लावला तर सूर फाटतो आणि ओठ जातात.

करता येण्यासारखं एवढं: ट्रंपेटची धार भोंग्याचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडेच जाते, म्हणून खाली मान घालून वाजवू नका, लोकांच्या डोक्यांवरून वाजवा. धून वरच्या सप्तकात घ्या. दोन ट्रंपेट असतील तर दोघांनी एकदम न वाजवता आलटून पालटून ओळी घ्या. दोघांनी एकत्र वाजवूनही आवाज दुप्पट वाटत नाही, दमतात मात्र दोघेही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत असेच वाजवतो. कानात फोमचे बोळे घाला. माझ्या वयाचे कितीतरी वाजवणारे आज बोललेलं नीट ऐकू शकत नाहीत.

१४. भोंगा वर वळवलेला ट्रंपेट पाहिला. तसा करून मिळेल का?

ती अमेरिकेतले जॅझ ट्रंपेटवाले डिझी गिलेस्पी यांची ओळख. १९५३ साली एका कार्यक्रमात कोणीतरी त्यांच्या ट्रंपेटवर पडलं आणि भोंगा वाकला. वाजवून पाहिल्यावर त्यांना स्वतःचा आवाज जास्त चांगला ऐकू आला, मग त्यांनी तसाच बनवून घेतला. तुमचा चांगला भोंगा मुद्दाम वाकवू नका, वळणावर पितळ चिरतं.

१५. बाजूने फिरणाऱ्या चाव्यांचा ट्रंपेट कसा असतो?

तो रोटरी. व्हिएन्ना आणि जर्मनीतल्या ऑर्केस्ट्रात तोच चालतो, आवाज रुंद आणि गडद. इकडे त्याची दुरुस्ती अवघड. प्रश्न ४चंच उत्तर लागू.

१६. मींड अन् श्रुती ट्रंपेटवर येतात का? का त्यासाठी वेगळा ट्रंपेट लागतो?

वेगळा असतो. लेबनॉनचे नसीम मालूफ यांनी पॅरिसमध्ये पाव स्वराचं चौथं बटण असलेला ट्रंपेट अरबी संगीतासाठी करवून घेतला, आणि त्यांचा मुलगा इब्राहीम आज तोच वाजवतो. आपल्या कामाला तो आवश्यक नाही. बटण अर्धं दाबून ओठ सैल सोडला की छोटी मींड येते, आणि तिसरी नळी वाजवता वाजवता ओढली की खालच्या सुरांवर घसरण मिळते (प्रश्न ११). त्यासाठी पिस्टन झटपट वर येणारा आणि नळी सैल हवी. म्हणजे पुन्हा प्रश्न ९.

१७. पिस्टनले खोबरेल तेल चालते का? अन् खर्रा खाऊन वाजवलं तर काय होते?

खोबरेल डिसेंबरात थिजतं आणि पिस्टन अडकतो. व्हॉल्व्ह ऑइलची एक बाटली हंगामभर पुरते, तीच घ्या. तिसरी सोडून बाकी नळ्यांना मात्र घट्ट ग्रीस. वाद्य कोमट पाण्याने धुवा, उकळत्याने नाही. चिंच, राख, भांड्यांची पावडर लॅकरला आणि चांदीला लावू नका.

तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात असताना फुंकलं की सुपारीचा कण थेट तिसऱ्या पिस्टनपर्यंत जातो. मी पिस्टनवर उभे ओरखडे पाहतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच असतं. वाद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की सुपारीने तोंडाची आतली कातडी कडक होत जाते आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. माझ्या ओळखीचे दोन उत्तम ट्रंपेटवाले याने वाजवायचे थांबले. त्यांतल्या एकाचं वाद्य माझ्याकडे ठेवलेलं आहे. पिस्टन अजून उत्तम चालतात.